रानजनावरांचा उपद्रव व जिवंत तार

आपल्या मासिकात बियाणे, खते, संत्र्यावरील रोग, कापसाचे भाव इत्यादी विषयांवर जाणत्या गृहस्थांचे लेख नेहमी येतात व ते आम्ही आवडीने वाचतो. परंतु ज्या एका गोष्टीविषयी संघाच्या प्रत्येक सभेत, सभा संपून चहा आला म्हणजे, हटकून बोलणे निघते, तिच्याविषयी कागदावर फारसे कोणी लिहीत नाही. ती गोष्ट म्हणजे रानजनावरांचा उपद्रव. रोही, रानडुक्कर, चितळ व वानर ह्यांनी शिवाराची जी दशा करून टाकली आहे ती सांगू लागल्यास प्रत्येकाजवळून एकेक पोथी निघेल. प्रस्तुत लेखक विद्वान नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करीत करीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, आणि आता काटोल तालुक्यात कोंढाळीच्या बाजूस, बोरच्या जंगलाच्या अंगाला, वडिलार्जित सात एकरांत राबणारा एक सामान्य मनुष्य आहे. तथापि पंचनामे लिहिण्यात ज्याचा जन्म गेला त्यास नुकसान म्हणजे काय ह्याची थोडीबहुत ओळख असते. तेवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहे.

लिहिण्यास निमित्त मात्र दुःखाचे घडले. गेल्या रब्बीत शेजारच्या शिवारात एक तरुण शेतकरी पहाटे तीनच्या सुमारास हरभऱ्यास पाणी देण्याकरिता निघाला. शेतीपंपास वीज बहुधा रात्रीच मिळते हे वाचकांस सांगावयास नको. वाटेवर दुसऱ्याच्या धुऱ्यावर डुकरांसाठी बांधलेली साधी तार होती, आणि तीत थेट खांबावरून आकोडा टाकून प्रवाह सोडलेला होता. उजाडल्यावर त्याचा भाऊ शोधावयास गेला तेव्हा बॅटरी अजून जळत होती. ज्याने तार लावली तो काही दुष्ट मनुष्य नव्हे. मयताच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला, त्याच्याच वयाचा गडी. त्याची तूर लागोपाठ दोन वर्षे रोह्यांनी व डुकरांनी खाल्ली होती. आज एका घरात विधवा आहे व दुसऱ्या घरचा कर्ता सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात तारखा करीत आहे. दोन्ही घरची शेती पडीत. डुकरे पूर्वीप्रमाणेच येतात.

ह्या प्रकारानंतर गावात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, सरकारने बंदुका द्याव्यात, म्हणजे तारेची गरजच उरणार नाही. दुसरा म्हणतो, शेतीच सोडावी. आम्हांस दोन्ही मते पटत नाहीत; का ते थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम उपद्रवाचे स्वरूप पाहू, कारण शहरातील मंडळी ‘जनावराने खाल्ले तर खाल्ले किती?’ असे विचारतात. डुक्कर जितके खातो त्याच्या कित्येक पट उकरतो. पेरणी होऊन दोन-तीन दिवस झाले, जमिनीत ओल असली, की रात्रीतून तासाच्या तास नांगरल्यासारखे उलथून बी वेचून खातो. दुबार पेरणीचा खर्च कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. भुईमुगाचे तर नावच आमच्या बाजूस उरले नाही. रोही सोयाबीन कोवळे असता त्यात शिरतो, पुढे तुरीचे शेंडे खुडतो, व फुलोऱ्याच्या वेळी कळपाने येऊन बसतो; जेथे बसतो तेथले पीक लोळते. त्याची एक खोड अशी की तो ठराविक जागीच लेंड्या टाकतो, म्हणून एकदा आपल्या वावरात त्याची जागा पडली म्हणजे तो तेथे परत परत येतच राहतो. संत्र्याच्या बागेत वानरांची टोळी उतरली तर चार फळे तोडते, तीन टाकते, एक खाते. आंबिया बहाराची फळे हिरवी असतानाच खाली सडा पडतो. चितळ जंगलाला लागून असलेल्या दोन-चार वावरांपलीकडे सहसा येत नाही, पण त्या दोन-चार वावरांचे मालक कोण? बहुधा गावातले सर्वांत गरीब; कारण काठावरची जमीन नेहमीच त्यांच्या वाट्यास आलेली आहे.

परंतु सर्वांत मोठे नुकसान ह्यांपैकी कशातच नाही. आम्ही लहान होतो तेव्हा ह्या शिवारात ज्वारी उभी असे. दिवाळीनंतर वडील माळ्यावर जागलीस जात, आम्ही भाकर घेऊन जात असू. गोफण फिरविण्याचा मान कोणास ह्यावरून भावंडांत भांडणे होत. आज आमच्या गावात ज्वारीचे एक ताट औषधाला मिळावयाचे नाही. त्यास कारणे पुष्कळ आहेत. सोयाबीनला रोख पैसा मिळतो हे एक, कापणीस मजूर मिळत नाही हे दुसरे. पण एकट्याने ज्वारी पेरणाऱ्याच्या वावरात सगळ्या रानाची पाखरे व डुकरे गोळा होतात, हे कारण आमच्या मते लहान नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तसे बैल विकले गेले. बैल गेले तसे शेणखत गेले, आणि मग जमीन निकस झाली म्हणून आपण ह्याच मासिकात लेख वाचतो. सरकारी तक्त्यांत ह्यापैकी काहीही दिसत नाही. कारण जे पेरलेच नाही त्याचा पंचनामा होत नसतो.

आता हा उपद्रव वाढला का? सामान्य उत्तर असे की १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, म्हणून जनावरे वाढली. ह्यात तथ्य आहे. पण सारे तथ्य नाही. रोही हे घनदाट जंगलाचे जनावर नव्हेच. त्यास खुरट्या झुडपांचे मोकळे रान लागते, आणि असे रान आपल्या विदर्भात जितके आहे तितके अन्यत्र क्वचित असेल. महसुली कागदात त्यास ‘झुडपी जंगल’ म्हणतात. मालगुजारीच्या काळी ह्या जमिनी गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे चराई, जळण, गोठाण ह्यांसाठी राखलेल्या होत्या. मालगुजारी १९५१ साली गेली, पण कागदावरचा शेरा तसाच राहिला, आणि ही जमीन वनखात्याची की महसुलाची ह्या वादात आमच्या नोकरीतील किती दिवस खर्ची पडले त्याची गणती नाही. शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी वनजमिनी आहेत असा निर्णय दिला. निर्णय योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. मुद्दा एवढाच की रोह्याचे घर आपल्या गावाच्या मध्यभागीच आहे व ते तेथेच राहणार आहे. तो कोठून तरी ‘येतो’ असे समजून जे उपाय आपण करतो ते म्हणूनच फसतात.

दुसरे, पूर्वी उन्हाळ्यात शिवार मोकळे असे. जनावरास चार महिने खावयास काही नसे. आज पेंचच्या कालव्यामुळे, विहिरी व बोअरमुळे बारमाही हिरवे उभे असते. उलट जंगलात गवताच्या जागी रायमुनियाची झुडपे माजली आहेत, जिला कोणतेही जनावर सहसा तोंड लावीत नाही. एकीकडे ताट वाढलेले व दुसरीकडे चूल विझलेली, अशा स्थितीत डुक्कर कोणीकडे जाईल? त्यात डुकराची मादी वर्षाकाठी चार-सहा पिले देते, रोह्याच्या मादीस बहुधा जुळे होते. तिसरे कारण आपलेच आहे. जागल बंद झाली. एकत्र कुटुंबे राहिली नाहीत, सालदार मिळत नाहीत, तरुण नागपूर-बुटीबोरीस कामाला जातात. रात्री माळ्यावर बसणार कोण? शिवाय आता एकट्याने बसणे सुरक्षितही नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याकडे जिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू मांडले गेले ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, तोपर्यंत त्या बाजूच्या लोकांनी संध्याकाळनंतर कापूस वेचणे काय, वावरात जाणेही सोडले होते. वाघाचा विषय स्वतंत्र आहे. तो ह्या लेखात घालून गोंधळ करीत नाही. एवढे मात्र खरे की डुकरासाठी लावलेल्या जिवंत तारेत वाघही मरतात, आणि मग एका गावावर सगळ्या देशाची वर्तमानपत्रे उतरतात. माणूस मेला तर जिल्ह्याच्या पानावर चार ओळी येतात. हे आम्हांस खटकते, पण असो.

बंदुकीचा पक्ष घेणाऱ्यांस आमचे सांगणे असे की आपल्या ह्या प्रांतात बंदुका भरपूर होत्या असाही एक काळ होऊन गेला आहे. त्या काळी शिकारीवर रोख नव्हता, वाघ-बिबट्यांस मारण्याबद्दल सरकारी बक्षिसे होती, हाका होत असत, आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यात लागत. परिणाम काय झाला? आपल्या देशातील शेवटचे म्हणून समजले जाणारे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानात एकाच रात्री गोळीस बळी पडले. १९५२ साली चित्ता नाहीसा झाल्याचे सरकारने मान्य केले. डुक्कर मात्र नाहीसा झाला नाही. बंदुकीपुढे प्रथम मरते ते दुर्मिळ व सरळ जनावर. चलाख व लेकुरवाळे जनावर शिल्लक राहते.

ह्या बाबतीत ऑस्ट्रेलिया खंडाची हकीकत मनोरंजक असून आपल्या उपयोगाचीही आहे. तेथील पश्चिम भागात पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना गव्हाच्या शेतीसाठी जमिनी दिल्या होत्या. १९३२ साली पीक तयार होण्याच्या सुमारास एमू नावाचे पुरुषभर उंचीचे, उडता न येणारे पक्षी हजारोंनी त्या शेतांत उतरले. शेतकरी पूर्वीचे शिपाई; त्यांनी सरकारकडे मशीनगनच मागितल्या. सरकारने एक मेजर, दोन मशीनगन व दहा हजार काडतुसे पाठविली. पक्षी लहान लहान टोळ्या करून पांगत, व गोळी लागूनही धावत सुटत. काही आठवड्यांनी फौज परत बोलवावी लागली व पीक खावयाचे ते एमूंनी खाल्लेच. ज्या सरकारने महायुद्ध जिंकले त्याचा एका कोंबड्यासारख्या पक्ष्याने पराभव केला, अशी थट्टा तेथे अद्याप चालते. सशांची गोष्ट तर ह्याहून मोठी. १८५९ साली एका इंग्रज जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी दोनएक डझन ससे आपल्या व्हिक्टोरियातील इस्टेटीत सोडले, आणि पन्नास वर्षांत त्यांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. बंदुका, विष, फासे सर्व झाले. शेवटी त्यांची पिढी मोडली ती १९५० साली मुद्दाम सोडलेल्या एका रोगाने, आणि तीही कायमची नव्हे; जे ससे वाचले त्यांची संतती त्या रोगास दाद देईनाशी झाली.

पण तेथे एक उपाय टिकला. मेंढ्यांना रानकुत्र्यांपासून, ज्यांस तेथे डिंगो म्हणतात, वाचविण्यासाठी त्यांनी घातलेले कुंपण आजही उभे आहे. त्याची लांबी साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ते कोणा एका धनिकाने आपल्या शेताभोवती घातलेले नाही. ज्यांच्या जमिनीस त्याचा लाभ होतो त्यांच्याकडून पट्टी घेतली जाते, मंडळे त्याची देखभाल करतात, आणि तुटल्या जागी तार जोडणारे लोक त्या लांबीवर सतत फिरत असतात. कुंपण म्हणजे तार नव्हे, तार जोडणारा मनुष्य होय, हे त्यांनी ओळखले. आपणांकडे तार मिळते. जोडणारा मनुष्य मिळत नाही.

कायद्याविषयी दोन शब्द अवश्य आहेत, कारण ह्यासंबंधी गैरसमज फार. डुकरास वा रोह्यास काही केल्या हात लावता येत नाही असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. १९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तीप्रमाणे रोही व रानडुक्कर हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकास धोका करणारे ह्या अनुसूचीतील जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकार असलेला वनाधिकारी देऊ शकतो. परवानगीवाचून मारणे हा गुन्हाच. ह्याखेरीज केंद्र सरकार एखाद्या भागापुरते व मुदतीपुरते एखादे जनावर ‘उपद्रवी’ जाहीर करू शकते. बिहारात रोह्याच्या बाबतीत असे झाले होते व २०१६ च्या जून महिन्यात मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले. तेव्हा दिल्लीत दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद जुंपला. उत्तरेस ह्या जनावरास नीलगाय म्हणतात, व गाय ह्या नावाने पुष्कळांचा हात थांबतो. वास्तविक ते चौशिंग्याच्या कुळातले जनावर होय. बिहारात त्यास घोडपरास म्हणतात, आपण रोही म्हणतो, म्हणून आपणांस ती अडचण नाही. पण नाव काहीही ठेवले तरी पोटुशी मादी मारताना शिकाऱ्याचा हात थांबावा असे आम्हांस वाटते. हे आमचे मत कोणास भाबडे वाटल्यास वाटो.

केरळात २०२२ साली एक निराळी रीत सुरू झाली. तेथे डुकरासंबंधीची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक पंचायतीच्या प्रमुखांकडे सोपविला. आम्हांस ही रीत डुकरापुरती योग्य वाटते. परवानगीसाठी वीस कोस जावे लागले, अर्ज टेबलावर पंधरा दिवस पडला, तोवर हरभरा संपला, तर ती परवानगी काय कामाची? पण पंचायतीस अधिकार देताना दोन अटी घालाव्यात. एक, परवानाधारक व शिकवलेलाच नेमबाज असावा. गावातील हौशी पोरांनी बार काढू नयेत. दुसरी, किती मारले, कोठे मारले, कोणी मारले ह्याची नोंदवही ग्रामसभेसमोर दर तीन महिन्यांनी वाचावी. वही नसली म्हणजे डुकराच्या नावावर चितळ शिजते, हे सांगावयास कोणी ज्योतिषी नको.

आता नुकसानभरपाई. येथे लेखकास आपल्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नोकरीत असता आम्ही अनेक वेळा अशा पंचनाम्यांना हजर राहिलो आहोत. तूर गुडघ्याएवढी असते, रोह्यांनी शेंडे खाल्लेले असतात, पण ताटे हिरवीगार उभी असतात. धुऱ्यावरून पाहणारा मनुष्य म्हणतो, ‘दोन आणे नुकसान.’ कागदावर तेच लिहिले जाते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अशा वेळी आम्हांस विचारले होते, “बाबूजी, आज दोन आणे लिवता, पण कापणीच्या दिवशी येऊन पोते मोजान का?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढे शिमग्याच्या सुमारास तहसिलीत त्याची गाठ पडली तेव्हा कळले की सहा पोत्यांच्या जागी त्यास पावणेदोन पोती झाली. तो रागावला नव्हता. ह्यामुळेच ते अधिक लागले.

पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील शेतांत केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष त्या म्हाताऱ्याच्याच बोलण्यासारखा आहे. डोळ्यांनी दिसणारे नुकसान व प्रत्यक्ष आलेली घट ह्यांत फार मोठी तफावत असते, व डोळ्याचा अंदाज नेहमी कमी भरतो. जंगलाच्या काठावर घट सर्वांत अधिक असून जसजसे दूर जावे तसतशी ती कमी होत जाते. ह्यावरून आमची सूचना अशी: भरपाई पाहणीवर न ठरविता उत्पन्नावर ठरवावी. काठावरील दहा-बारा वावरांत व जंगलापासून दूर अशा, त्याच मातीच्या दहा-बारा वावरांत पीककापणी प्रयोग करावा, आणि दोहोंतील अंतर त्या पट्ट्यातील सर्वांस द्यावे. पीककापणी प्रयोग महसूल व कृषी खाती दरवर्षी करीतच असतात. त्यास नवीन नोकर नकोत, नवीन पट्टा आखावा एवढेच. मनुष्य मेला तर आज राज्यात २५ लाख रुपये मिळतात, ही रक्कम पूर्वीच्या मानाने पुष्कळ आहे. पण मनुष्य रात्री रानात जातो तो पिकासाठी. पिकाचे खरे मोल मिळू लागले तर पुष्कळजण रात्री घरीच झोपतील.

पीकविम्याबाबत २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने असे जाहीर केले की रानजनावरांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत जादा जोखीम म्हणून घेता येईल. मात्र कोणती जनावरे व कोणते जिल्हे हे राज्य सरकार ठरवील, आणि शेतकऱ्याने बहात्तर तासांच्या आत मोबाईलवरून छायाचित्रासह कळविले पाहिजे. योजना चांगली आहे. तथापि बहात्तर तासांची अट वाचून आम्हांस थोडे हसू आले. रोही काही गारपिटीप्रमाणे एका दिवशी येऊन जात नाही. तो रोज दोन-दोन शेंडे खातो. बहात्तर तास मोजावयाचे कोणत्या दिवसापासून? आपल्या संघाने राज्य सरकारकडे हा प्रश्न आताच लेखी पाठवावा. नागपूर जिल्ह्यातील काटोल, हिंगणा, रामटेक, पारशिवनी, उमरेड व भिवापूर ह्या तालुक्यांची नावे यादीत यावीत म्हणूनही निवेदन द्यावे. बोर, पेंच व उमरेड-कऱ्हांडला ह्यांच्या काठावरचे तालुके वगळले गेले तर ती योजना आपल्या काय उपयोगाची?

आता मूळ विषय, तार. जिवंत तार आणि झटका मशीन ह्यांतील फरक कित्येक शिकलेल्या शेतकऱ्यांसही ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. झटका मशीन बॅटरीवर, बहुधा सौर पाटीवर, चालते. ते तारेत हजारो व्होल्टचा दाब सोडते खरे, पण तो एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी काळ, आणि मग सुमारे सेकंदभर थांबते. जनावरास फटका बसतो व मागे सरण्यास वेळ मिळतो. खांबावरच्या विजेचा दाब त्यामानाने कमी, अवघा २३० व्होल्ट. पण ती थांबत नाही. स्नायू आखडतात, तार धरलेला हात सुटत नाही, आणि हृदय बंद पडते. म्हणून ‘आम्ही रात्रीपुरतीच सोडतो’, ‘एकच फेज सोडतो’, ‘मध्ये बल्ब लावतो’ ह्या सबबी म्हणजे मरणाची तयारी होय. असली तार लावणाऱ्यास आपल्या संघाने सभासद म्हणून ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हे वाचून काही मित्र रुष्ट होतील ह्याची जाणीव आहे.

झटका मशीनही बसविले की काम संपले असे नाही. तारेस गवत टेकले की तिचा जोर जमिनीत जातो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्यास तारेखालचे गवत कापावे लागते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग नीट होत नाही. तेथे खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतावे. डुक्कर खालून घुसतो, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच असावी. रोही उडी घेतो, म्हणून वरची तार पाच फुटांच्या खाली नसावी. वानरांपुढे हा उपाय जवळपास निकामी आहे. त्यांस माणूस व कुत्रा एवढेच समजतात. तारेच्या आत करडईच्या काटेरी ओळी पेरल्यास डुक्कर बिचकतो व चार पैशांचे तेलबीही हाती येते. आम्ही तीन वर्षे करीत आहोत. पूर्ण उपाय नव्हे, पण भार हलका होतो.

सौरकुंपणास सरकारचे अनुदान मिळते, पण ते एकेकट्याने घेण्याची जी रीत पडली आहे तीत मोठा दोष आहे, आणि तो आम्ही मोजणीच्या हिशेबानेच दाखवितो. एक हेक्टर चौरस वावराचा घेर ४०० मीटर होतो. अशी शंभर वावरे प्रत्येकाने निरनिराळी कुंपणे घालून वेढली तर ४०,००० मीटर कुंपण लागेल. सामाईक धुऱ्यावर एकच तार ठेवली तरी २२,००० मीटर. पण तीच शंभर वावरे एकत्र धरून चौकोनाच्या बाहेरून एकच कुंपण घातले तर अवघे ४,००० मीटर. हेक्टरी ४०० च्या जागी ४० मीटर खर्च! शिवाय एकट्याचे कुंपण जनावरास थांबवीत नाही, शेजाऱ्याकडे पाठविते. ज्याची ऐपत आहे तो तार घालतो, त्याच्या वाट्याची डुकरे ऐपत नसलेल्याच्या वावरात जातात, आणि मग तो बिचारा खांबाकडे पाहू लागतो. शेजारच्या शिवारात झाले ते असेच झाले. त्या मुलाच्या तिन्ही बाजूंस झटका मशीनचे कुंपण होते. मोकळे होते ते एकट्याचे वावर.

शिवारास वेढा घालताना जनावराची पाण्याची वाट मात्र अडवू नये. नाला जेथून जंगलात जातो ती पट्टी दोन्ही बाजूंनी तार घालून मोकळी सोडावी. अडविलेले जनावर तार तोडतेच. नागपूर-जबलपूर रस्ता चौपदरी करताना पेंचच्या जंगलात मोटारींचा रस्ता उंच करून खालून जनावरांसाठी वाटा ठेवल्या, आणि वाघापासून रानकुत्र्यांपर्यंत सर्वजण त्यांचा वापर करतात असे तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत दिसले आहे. मोटारींच्या सोयीसाठी जे जमले ते तुरीच्या सोयीसाठीही जमावे.

आमच्या गावाने काम हाती घेतले आहे. जुन्या नकाशावरून आम्ही शिवाराची जंगलाकडील बाजू मोजून काढली. ती ३,४०० मीटर भरली. दोन ठिकाणी नाला येतो, तेथे वाट सोडावयाची. दर एकरी पट्टी ठरली. काठावरच्या वावरवाल्यांकडून ती अर्धीच घ्यावयाची, कारण त्यांनी आजवर सगळ्या गावाची पट्टी आपल्या पिकातून भरलेली आहे. गवत कापण्यास व तार पाहण्यास दोन माणसे बारमाही ठेवावयाची. त्यांपैकी एक जागा त्या विधवेच्या दिरास द्यावी असे ठरले. शेजारच्या शिवाराची बाजू जोडून घेतल्यास आणखी ९०० मीटर वाढतात, पण मध्ये पडणारे कोपऱ्याचे वावर खटल्यातील मनुष्याचे आहे, आणि त्याच्या संमतीवाचून खांब रोवता येत नाही. गेल्या सोमवारी आम्ही कागद घेऊन त्याच्या घरी गेलो. तो तारखेवर गेला होता. त्याच्या आईने कागद मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला, मग विचारले, “ही तार मारत तर नाही ना, बाबूजी?” आम्ही मशीन कसे चालते ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितले. तिने अंगठा उठविला. मुलाची सही तो परत आल्यावर घ्यावयाची आहे.